वाचलो बुवा!

मुलांनो, दूध एकदम उतू जातं का? नाही. आधी कडेने बुडबुडे येतात, मग साय वर चढते. आईचं लक्ष असलं की ती आधीच गॅस बारीक करते. अपघाताचंही तसंच असतं बरं का!

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. एका संध्याकाळी मी वडापने घरी येत होते. वळणावर अचानक समोर ट्रॉली! मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "वाचलो बुवा!" म्हणून सगळे हसले आणि विसरले. मीसुद्धा.

दोनच दिवसांनी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील त्याच वळणावर मोटारसायकलसह ट्रॉलीवर आदळले. पाय मोडला. तो मला म्हणाला, "बाई, तुम्हाला तर आधीच कळलं होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही.

राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं दगावली, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. म्हणजे आधी माणसं जाणार, मग जागा कळणार!

नागपुरात २०२१ साली 'आय-रास्ते' प्रकल्प सुरू झाला. त्यात सिटी बसना कॅमेऱ्याची यंत्रं बसवली. पुढची गाडी फार जवळ आली की यंत्र ड्रायव्हरला सावध करतं आणि जागाही टिपून ठेवतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा इशारे मिळाले, तर तो 'ग्रे स्पॉट'. उद्या तिथे अपघात होऊ शकतो, म्हणून आजच दुरुस्ती करायची. पावसाच्या अंदाजासारखाच हा अंदाज! कोणाची गाडी धडकेल ते सांगता येत नाही. धोका कुठे जास्त आहे ते कळतं.

आता थोडं गणित. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला १० मीटर जाते, ७२ ची २० मीटर. ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातोच. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं! म्हणून बाबांना सांगा, अंधारात वेग कमी ठेवा. आणि घरची ट्रॉली असेल तर मागे रिफ्लेक्टर आजच लावायला लावा.

आमच्या चौथीच्या वर्गाने एक वही केली. शाळेच्या कुंपणाच्या आत, माझ्यासोबत बसून रोज अर्धा तास पाहायचं. गाडीने करकचून ब्रेक दाबला की एक फुली, शेजारी जागा आणि वेळ. आठ दिवसांत सगळ्यात जास्त फुल्या झाडोऱ्याने झाकलेल्या वळणावर पडल्या. वही ग्रामपंचायतीत दिली. झाडोरा तोडला गेला!

तुम्हीही करून बघा. पण कुंपणाच्या आत राहूनच, आणि मोठं माणूस सोबत हवंच. सर्वांत जास्त फुल्या कुठे पडल्या, ते मला पत्राने कळवाल ना?

तुमच्या बाई