मिस्त्रीचे तर्कशास्त्र

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली मांडलेल्या अन्वय-व्यतिरेकाच्या पद्धती आम्ही तर्कशास्त्राच्या पेपरासाठी पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे होतो. याच पद्धती मनमाडात येवला रस्त्यावरच्या गॅरेजांत रोज वापरल्या जातात. वापरणाऱ्यांना मिलचे नाव ठाऊक नाही, इतकेच. माझे वडील त्यांपैकी एक, शिक्षण चौथीपर्यंत.

सुरू न होणारी गाडी घ्या. मालक म्हणतो, "लाईट लागतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे. सेल्फच गेला." ऐकायला बिनतोड वाटते. पण हेडलाईटच्या साध्या बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला शंभरावर लागतात. अर्धमेली बॅटरी दिवा लावील, पण इंजिन फिरवणार नाही. म्हणून वडील दिवा चालू ठेवून किल्ली फिरवायला सांगतात. दिवा मंदावला आणि नुसती टकटक झाली, तर संशय बॅटरीवर, नाहीतर टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारावर. टर्मिनल घासायचे, तरीही तेच, तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वायर जोडायची. बाकी सारे तसेच, बदलली ती एकच गोष्ट. गाडी सुरू झाली की कारण सापडले! याला व्यतिरेक पद्धती नाही तर काय म्हणावे?

दिवा लख्ख राहूनही सेल्फ हूं की चूं करीत नसेल, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वाटेवर. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, तर सेल्फचा पिच्छा सोडून डिझेलकडे वळायचे. टाकी कोरडी पडून पाईपात हवा धरलेली असते.

सगळेच मिस्त्री असे नसतात, हे खरे. काहीजण आधी सेल्फ बदलतात, मग बॅटरी, मग वायरिंग. पण गाईडवर पास होणाऱ्या आम्ही त्यांना हसू नये. कोणी म्हणेल, आता स्कॅनर आला, डोके कशाला हवे? स्कॅनर बिघाड कोणत्या सर्किटात दिसतो ते सांगतो. सेन्सर गेला की उंदराने वायर कुरतडली, हे माणसालाच शोधावे लागते.

माझा राग आहे तो निराळ्याच गोष्टीवर. प्रवेश अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आमच्यापैकी कित्येकजण मोघम 'धंदा' लिहितात. ज्या गावात रेल्वेच्या पुलांचे गर्डर तयार होतात, तिथे हातच्या कामाची ही लाज कशासाठी? "आमच्यासारखे हात काळे करू नकोस," असे घरची माणसे म्हणतात, ते कष्टाला कंटाळून. सुशिक्षितांनी मात्र ते काम बिनडोक्याचे ठरवावे, हे मला पटत नाही.

प्राध्यापकांना माझी एक सूचना आहे. पुढच्या वर्षी तर्कशास्त्राच्या एका तासाला एखाद्या मिस्त्रीला बोलवावे. त्याचा खाडा होईल, तेवढी मजुरी द्यावी. बंद पडलेली गाडी शोधायला लांब जावे लागणार नाही. थंडीच्या दिवसांत आपल्याच आवारात एखादी उभी असते.