‘शांत वस्ती’ या शब्दांचा अर्थ

‘वन बीएचके किरायाने देणे आहे. शांत वस्ती. फक्त फॅमिलीसाठी.’ नागपुरात लक्ष्मीनगर, बजाजनगर, धरमपेठ अशा भागांत फाटकांवर दिसणारी ही पाटी साहित्याच्या अभ्यासकाने एक संहिता म्हणून वाचावयास हवी. ‘शांत’ हे विशेषण वरकरणी आवाजाविषयी आहे. मात्र चौकशीस गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘पूर्ण नाव काय?’ असा. विदर्भात मेश्राम, गजभिये, रामटेके ही आडनावे उच्चारताच बहुतेकांना उत्तर मिळालेले असते. आडनावाने उलगडा झाला नाही, तर ‘म्हणजे कोणते?’ हा पुरवणी प्रश्न तयारच असतो. मग घर अचानक ‘कालच दिले गेलेले’ असते. शांततेचा आवाजाशी असलेला संबंध येथे संपतो.

बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतील निवेदक नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. विद्रोह, वेदना, नकार या संज्ञांनी आपण या कथेची चिकित्सा करतो, तीवर प्रश्न काढतो, गुण देतो. कथेचा मूळ विषय मात्र एक भाड्याची खोली आहे, हे आपल्या चिकित्सेत हरवून जाते. कोलंबियात शिकून आलेल्या आंबेडकरांना 1917 साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंगही आपण ‘इतिहास’ म्हणूनच सांगतो.

तो इतिहास झालेला नाही. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तेथे उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावांना घरमालकांकडून मिळालेला प्रतिसाद सारखा नव्हता. दलितांना नकार अधिक होता आणि मुस्लिमांना त्याहूनही अधिक.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की घर माझे, भाडेकरू मी निवडणार. कायदाही या युक्तिवादाला फारसा अडवत नाही. घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आहेत. खाजगी सदनिका नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व स्वसमाजापुरते मर्यादित ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ग्राह्य धरले. पण निवडीचा अधिकार मान्य केला, तरी निवडीचा निकष कोणता, हा प्रश्न उरतोच. भाडे थकेल, घर बळकावले जाईल, ही भीती असेल तर तिच्यावर उपाय आहेत. विदर्भात पूर्वी 1949 चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता; भाडेकरू निघत नाही, ही धास्ती त्या काळची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. निवासी परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. शिवाय अनामत रक्कम आहे, पोलिसांकडे द्यावयाची माहिती आहे. या साऱ्यात जातीचा रकाना कोठेही नाही. घरमालकाला कायदेशीररीत्या जे जे राखावयाचे आहे, त्यासाठी आडनावामागची जात लागतच नाही. तरीही ती विचारली जाते, याचा अर्थ राखावयाचे आहे ते घर नव्हे.

हे सारे ज्या शहरात घडते, तेथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला. ती दीक्षाभूमी लक्ष्मीनगर-बजाजनगरच्या अगदी शेजारी आहे.

या वस्त्यांतील कित्येक घरमालक प्राध्यापक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आपले वाचक आहेत. सर्वच तसे वागतात असे मुळीच नाही. पण वर्गात बागुल शिकवणाऱ्याने वरचा मजला किरायाने देताना नोकरी, अनामत आणि करार एवढेच विचारावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. ती पूर्ण करता येत नसेल, तर निदान पाटीवर ‘शांत’ न लिहिता, जे अभिप्रेत आहे ते स्पष्ट शब्दांत लिहावे आणि खाली स्वतःचे पूर्ण नाव घालावे.