कंपनी सरकार, सन २०९९

चित्रकथांचा विषय निघाला, की आमच्या साहित्यसभेतील ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर एक ठरावीक आठी उमटते. १९६४ पासून पाव शतक चाललेल्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर आणि मॅण्ड्रेकवर ह्यांपैकी कित्येकांचे बालपण पोसले गेले, ही गोष्ट त्या क्षणी सोयिस्करपणे विसरली जाते. 'घट्ट कपड्यांतल्या पहिलवानांच्या मारामाऱ्या. त्यांत वाचायचे ते काय?' असा सवाल होतो आणि सवाल करणाऱ्याने एक पानही उलटलेले नसते. दुसरीकडे आमची तरुण मंडळी. त्यांना ह्या पहिलवानांची नावे, त्यांच्या पोशाखांचे रंग, चित्रपटांच्या तारखा तोंडपाठ. पण ती पात्रे कोणी लिहिली, कोणत्या अटींवर लिहिली, आणि लिहिणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे विचारले की सारे गप्प. ह्या दोन्ही पक्षांशी आमचे भांडण आहे, आणि ते आम्ही एकाच उदाहरणावर भांडणार आहोत.

ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील मार्व्हल ह्या प्रकाशनसंस्थेने १९९२ साली सुरू केलेली '२०९९' ही चित्रकथामाला. आपल्याच जुन्या नायकांची नावे घेऊन त्यांना शंभरेक वर्षे पुढच्या, कल्पित अमेरिकेत नव्याने जन्माला घालायचे, अशी ही योजना होती. पीटर डेव्हिड ह्यांनी लिहिलेला आणि रिक लिओनार्डी ह्यांनी रेखाटलेला 'स्पायडर-मॅन २०९९' हा तिचा पहिला आणि सर्वांत सकस अंकुर. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठाला चमचमत्या पन्नीची किनार होती. त्या काळी पन्नी पाहून चार-चार प्रती घेऊन ठेवणारे, पण एकही न वाचणारे ग्राहक अमेरिकेत पुष्कळ होते. आमच्या ज्येष्ठांनी पन्नीवरून मत बनवावे ह्यात म्हणूनच फारसे नवल नाही; तिकडच्यांनीही तेच केले.

पन्नी बाजूला केली की काय दिसते? सन २०९९ मध्ये अमेरिकेत सरकार नावालाच उरले आहे. सत्ता चार-दोन बलाढ्य कंपन्यांच्या हाती आहे. शहर दोन मजली झाले आहे: वर उजेडात धनिकांची वस्ती, खाली अंधारात उरलेल्यांची. 'पब्लिक आय' नावाचे पोलीस आहेत, पण तेही खासगी. ज्याच्या खिशात पैसा, त्याच्या हाकेला धावणारे. न्यूयॉर्कचे नाव बदलून स्पॅनिश वळणाचे 'नुएव्हा यॉर्क' झाले आहे, आणि नायक मिगेल ओहारा हा अर्धा आयरिश, अर्धा मेक्सिकन आहे. (शहराच्या नावाची भाषा बदलली म्हणजे काय काय बदलते, हे १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या बेळगावकरांना कोणी समजावून सांगायला नको.)

आता आम्ही आमच्या वाचकांना विचारतो: हे चित्र तुम्हांला नवे वाटते काय? आपल्या भाषेत 'कंपनी सरकार' हा शब्द दोनशे वर्षांपासून रुळलेला आहे. १६०० साली व्यापाराची सनद मिळालेली एक मंडळी कर वसूल करू लागली, न्याय देऊ लागली, राजे बसवू आणि उठवू लागली. तैनाती फौज ही काय चीज होती? फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च मात्र संस्थानाचा. १७९८ साली निजामाने ती पत्करली आणि दोनच वर्षांत तिच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरला होळकरांनी तह केला, आणि इंदुरात कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला. त्या भागाला आजही रेसिडेन्सीच म्हणतात. पीटर डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतिहासाची ही पाने चाळली होती असा आमचा मुळीच दावा नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे १९८० च्या दशकातली अमेरिका होती, खासगीकरणाचा जयघोष होता. पण अमेरिकन वाचकाला जे भयावह भविष्य वाटले, ते इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी माणसाच्या घराण्यात होऊन गेलेले आहे. ही चित्रकथा पोरकट म्हणून भिरकावण्याचा अधिकार जगात कोणाला असलाच, तर तो आम्हांला सर्वांत कमी आहे.

मिगेलची कथा थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण मालिकेचे सारे मर्म तिच्यात आहे. तो अल्केमॅक्स ह्या कंपनीत जनुकशास्त्रज्ञ आहे. हुशार, खोचक बोलणारा आणि आपल्या हुशारीवर खूश. जुन्या काळच्या स्पायडर-मॅनसारखी शक्ती माणसात कशी उतरवता येईल, ह्यावर त्याचे काम चालू आहे. कंपनीचा वरिष्ठ टायलर स्टोन घाईने एका कैद्यावर प्रयोग करायला लावतो, आणि तो कैदी मरतो. मिगेल राजीनामा द्यायला जातो. स्टोन हसतमुखाने त्याच्या हाती पेला देतो. पेल्यात 'रॅप्चर' नावाचे द्रव्य असते. ते एकदा अंगात भिनले की त्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही, आणि ते कायदेशीरपणे विकण्याचा मक्ता अल्केमॅक्सकडेच. राजीनाम्याचे काय झाले, ते सांगायला नको. ह्या विळख्यातून सुटण्यासाठी तो रात्री गुपचूप प्रयोगशाळेत जाऊन स्वतःच्याच देहावर उलटा प्रयोग करतो, एक द्वेष्टा सहकारी त्यात ढवळाढवळ करतो, आणि त्यातून नवा स्पायडर-मॅन निर्माण होतो.

जुन्या स्पायडर-मॅनला अपघाताने कोळी चावला होता. ह्याला त्याच्या मालकाने विष पाजले. एवढ्या एका फरकाने सगळी नीतिकथा पालटते. जुन्या कथेत प्रश्न होता, मिळालेल्या शक्तीचे काय करायचे. नव्या कथेत प्रश्न आहे, ज्याचे मीठ खातो त्यानेच त्या मिठात काही कालवले असेल तर काय करायचे. पुढे टायलर स्टोन हाच मिगेलचा जन्मदाता असल्याचे उघड होते. हा धक्का काहींना नाटकी वाटेल. आम्हांला तो अचूक वाटतो: जी कंपनी आपणांस गिळते, तिच्याच रक्ताचे आपण असतो.

मालेतील सगळेच पुस्तक ह्या तोडीचे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. स्टॅन ली ह्या पितामहांनी स्वतः लिहिलेले 'रॅव्हेज २०९९' त्यांतले सर्वांत दुबळे. नाव मोठे, लक्षण खोटे. 'एक्स-मेन'चा भविष्यावतार ठीक होता, इतकेच. 'पनिशर'चा भविष्यावतार लिहिणाऱ्या दोघांपैकी पॅट मिल्स हे इंग्लंडातील '२००० एडी' ह्या साप्ताहिकाचे संस्थापक संपादक. त्याच साप्ताहिकातला जज ड्रेड १९७७ साली अवतरला तोही सन २०९९ मध्येच, हा एक गमतीचा योग. 'डूम २०९९' मात्र पुन्हा वाचण्याजोगे आहे, विशेषतः १९९५ मध्ये वॉरेन एलिस ह्यांनी सूत्रे घेतल्यानंतर. जुन्या कथांतला खलनायक डॉक्टर डूम भविष्यात जागा होतो, कंपन्यांचे राज्य पाहतो आणि सरळ अमेरिकाच जिंकून घेतो. कंपन्यांपेक्षा हुकूमशहा बरा की काय, असा अवघड प्रश्न लेखक वाचकापुढे टाकतो आणि उत्तर देत नाही. पुढे कंपन्या त्याला हुसकावण्यासाठी कॅप्टन अमेरिकेचा एक तोतया उभा करतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उठलेला तोतया ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांना ह्या युक्तीची थोरवी अधिक काय सांगावी!

आता ह्या मालेच्या मरणाची कथा. आमचा खरा राग इथे आहे.

१९८९ साली मार्व्हल रोनाल्ड पेरेलमन ह्या धनाढ्याने विकत घेतली आणि पुढे भागबाजारात उतरवली. पन्नीचा धंदा फुगला तोवर सारे आबाद होते. फुगा फुटल्यावर विक्री कोसळली. १९९६ च्या डिसेंबरात संस्थेला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. त्याआधीच काटकसरीच्या नावाखाली २०९९ मालेचे संपादक जोई कॅव्हालिएरी ह्यांना कामावरून काढण्यात आले. त्यांच्यावरील अन्यायाचा निषेध म्हणून पीटर डेव्हिड आणि वॉरेन एलिस ह्यांच्यासह अनेक लेखकांनी माला सोडली. 'स्पायडर-मॅन २०९९' ४६ अंकांवर थांबले. उरलेला पसारा एका मासिकात कोंबून काही महिने चालवला, आणि १९९८ च्या एका विशेषांकात सगळे धागे घाईघाईने गुंडाळून टाकले.

कंपन्या माणसांना कशा वापरून फेकतात हे सांगणारी कथा एका कंपनीने वापरून फेकली. ह्यावर कोणी म्हणेल, धंद्यात तोटा आला तर मालकाने काय करावे? आक्षेप खोटा नाही. विक्री खरोखरच घसरली होती, आणि एकदम इतकी पुस्तके काढून वाचकाला दमवण्यात संपादकांचाही वाटा होता. पण तोटा कोणी ओढवला आणि घरी कोण गेले, एवढे तरी पाहावे. फुगा फुगवणारे वरच्या मजल्यावर होते. नोकरी गेली ती खालच्या मजल्यावरच्यांची. अमेरिकेतील ह्या व्यवसायाची रीत अशी, की लेखक-चित्रकार ठरलेल्या मोबदल्यावर काम करतात आणि निर्माण झालेले पात्र जन्मतःच कंपनीच्या मालकीचे होते. मिगेलला निदान पेल्यात काय होते हे पिण्याआधी ठाऊक नव्हते. त्याच्या जनकांना पेल्यावरची चिठ्ठी वाचूनच तो प्यावा लागला, कारण दुसरा पेला कोणी देत नव्हते.

ह्याहून मोठी विटंबना पुढेच होती. २०२३ साली सोनीचा 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा चित्रपट आला. जगभरात त्याने सुमारे ६९ कोटी डॉलर मिळवले. आमच्या तरुणांना मिगेल ओहारा ठाऊक आहे तो ह्या चित्रपटामुळे. तेथे तो कोण आहे? असंख्य विश्वांतल्या असंख्य स्पायडर-मॅनांचा मुकादम. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरलेली दुःखे ठरलेल्या क्रमाने घडलीच पाहिजेत, नाहीतर विश्व कोसळेल, असे बजावणारा आणि न ऐकणाऱ्या पोराच्या मागे धावणारा. ह्या ठरलेल्या क्रमाला तेथे 'कॅनन' म्हणतात. आम्ही त्याला सरळ शब्दांत मालाचा छाप म्हणतो. चित्रपट बुद्धीने केलेला आहे, आणि त्याची सहानुभूती मुकादमाकडे नसून पोराकडे आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण मुकादम हवा होता, तर शेकडो पात्रांतून नेमका हाच का सापडला? मालकाचा पेला नाकारणारा, ठरलेली वाट मोडणारा जो एकटा होता, त्याच्याच हाती चाबूक दिला गेला. ज्यांनी मूळ कथा वाचली आहे त्यांनी तरी ह्यावर टाळ्या वाजवू नयेत.

पीटर डेव्हिड २४ मे २०२५ रोजी वारले. अखेरच्या वर्षांत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि उपचारांचा खर्च भागवण्यासाठी कुटुंबीयांना वाचकांकडे जाहीर मदत मागावी लागली. वाचकांनी ती दिली. चित्रपटाच्या मिळकतीचा आकडा आम्ही वर दिलाच आहे.

त्याआधी चारच दिवस, २० मे रोजी, पुण्यात जयंत नारळीकर गेले. ह्या दोन मृत्यूंचा परस्परांशी संबंध नाही. पण भविष्यावर लिहिणारे दोन लेखक एकाच आठवड्यात गेले, तेव्हा आम्हांला आमच्या घरचा हिशेब आठवला. नारळीकरांनी मराठी वाचकाला आकाशाकडे पाहायला शिकवले, आणि त्यांच्या मागोमाग लिहिणाऱ्यांची रांग लहान नाही. तरीही अपवाद वगळता मराठी भविष्यकथेत विज्ञान असते, यंत्र असते, परग्रहावरचा पाहुणा असतो. प्रयोगशाळेचे भाडे कोण भरतो, हे पात्र मात्र पडद्याआडच राहते. ज्यांच्या भाषेत 'कंपनी सरकार' हा शब्द आहे, आणि ज्यांच्यापैकी कित्येक जण डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळपासून काही तासांच्या अंतरावर राहत होते, त्यांनी ही कथा अमेरिकेतल्या पन्नीवाल्यांवर सोडून द्यावी, ह्याचे आम्हांला वैषम्य वाटते.

आमच्या त्रैमासिकाच्या जुन्या अंकांत अहिल्याबाईंवर, सयाजीरावांवर, महादजींवर लेखांची कमतरता नाही, आणि ते असावेतच. सन २०९९ मधल्या इंदुरावर, बेळगावावर, बडोद्यावर एक ओळही नाही. त्या साली तेथे मराठी कोण बोलत असेल, कोणाच्या चाकरीत असेल, आणि त्याच्या पेल्यात काय असेल, हे लिहायला कोणी ज्येष्ठ सभासद सिद्ध झालेच, तर तयारीसाठी आमच्याजवळचे अंक आम्ही आनंदाने वाचायला देऊ. पन्नी जपून हाताळावी, आणि अंक महिन्याच्या आत परत करावेत.