तिथे आहे काय? काहीच नाही!

"अगं, अंदमानला गेलीस आणि हॅवलॉकला एकच रात्र? आणि त्या नीलला तीन दिवस? केलंस काय तिथे?" सुट्टीनंतर हॉस्टेलवर पोचले, बॅग खाली ठेवायच्या आधीच रूममेटने व्हायवा सुरू केली. तिचंही चुकत नाही म्हणा. आमच्या विंगमध्ये ट्रिप म्हणजे किती 'पॉइंट्स' केले याचा हिशोब. एकेकीला उत्तर देत बसण्यापेक्षा म्हटलं मॅगझीनमध्येच लिहावं. (शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघावं आणि वाचकांनी माफ करावं!)

माझं म्हणणं सरळ आहे. बेटावर सुट्टी घालवायची तर गाजलेला किनारा सोडा आणि शेजारचा शांत धरा. कारण गाजलेल्या किनाऱ्यावर आपण बेटावर आहोत हेच विसरायला होतं.

बाबांची एलटीसी होती, मागच्या डिसेंबरात. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) आधी सेल्युलर जेल पाहिलं. आजीची ऑर्डरच होती, सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय परत यायचं नाही! मग हॅवलॉक. तिथला राधानगर बीच 'टाइम'ने २००४ साली आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. खोटं कशाला बोलू, आहेच तो सुंदर. पण आम्ही काय केलं? पाण्यापेक्षा जास्त वेळ फोटोसाठी नंबर लावण्यात गेला आणि संध्याकाळी पिझ्झा खाल्ला. पिझ्झा मला कॉलेजच्या गेटबाहेर मिळतो.

तिथून बोटीने नील. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, तसं नीलचं शहीद द्वीप. ही नावं नेताजींनी १९४३ मध्ये सुचवलेल्या नावांवरून घेतलेली. जुनी दोन्ही नावं १८५७चा उठाव चिरडणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची होती, त्यामुळे गेली ते बरंच झालं. तरी बोटीवर सगळे 'नील'च म्हणतात, म्हणून मीही. २०११च्या जनगणनेत इथे माणसं तीन हजारांच्या आसपास. बरीचशी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची कुटुंबं. गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर... अख्खं रामायण! भाजी इतकी पिकते की बोटीने पोर्ट ब्लेअरला जाते. दुपारपर्यंत भरतपूरच्या बीचवर एका दिवसासाठी आलेल्यांची गर्दी असते. शेवटची बोट गेली की बेट एकदम रिकामं. सूर्यही पाचच्या सुमारास बुडतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरचं आणि नील ९३ अंशावर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे पाऊण तासाच्या जवळपास फरक. घरी चहाची वेळ, तिथे मिट्ट काळोख.

आता खरी गंमत. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे ओहोटीलाच जाता येतं. आपण पर्यटक आहोत, पैसे भरलेत, याच्याशी समुद्राला देणंघेणं नाही. आम्ही चुकीच्या वेळी पोचलो आणि दोन तास बसून राहिलो. बाबा मूळचे गुहागरकडचे. त्यांनी बोटांवर तिथी मोजून, पाऊणपट करून भरतीची वेळ सांगितली. ती साफ चुकली! कोकणातलं गणित कोकणाच्या किनाऱ्याला लागू. पण भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, ते मात्र तिथेही खरं. उधाण मला माहीत होतं. अष्टमीच्या आसपासच्या मवाळ भरतीला 'भांगाची' म्हणतात हे वयाच्या विसाव्या वर्षी कळलं.

मी म्हटलं, बाबा, हे तर फुरिए आहे. चंद्राची लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. अशा कितीतरी साइन वेव्ह्ज एकावर एक मिळवल्या की भरतीचं वेळापत्रक तयार होतं. केल्विनने १८७०च्या दशकात त्यासाठी कप्प्या-चाकांचं यंत्रच बनवलं होतं. बाबा कौतुकाने ऐकत होते. आणि मला एकदम कसंतरीच झालं. कारण एम-थ्रीमध्ये माझी केटी लागली होती, फुरिए त्याच पेपरात, आणि घरी मी सांगितलं होतं की रिझल्ट अजून लागायचाय.

फोनला रेंज नव्हती. (२०२०च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, ती हॅवलॉकला पोचली, नीलचं नाव त्या यादीत नव्हतं.) बघायला काही नाही, कुठे जायला नाही. सांगून टाकलं. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "किती मार्कांनी?" "अकरा." "आणि आईला?" "नाही सांगितलं." पुढे काही बोलले नाहीत. पाणी उतरलं तसे आम्ही खडकांवरून कमानीपर्यंत गेलो. डबक्यांमध्ये सी-कुकुंबर, इवले मासे. पायाखाली मेलेलं प्रवाळ, त्याचा तुकडा उचलणंही गुन्हा आहे. हॅवलॉकला हे बोलणं झालं असतं का? मला नाही वाटत. तिथे पिझ्झा आला असता आणि विषय राहून गेला असता.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांना कुठे केटीचं कन्फेशन द्यायचंय! मान्य. स्कूबा शिकायचं असेल तर हॅवलॉकलाच जा, तिथे सोय जास्त आहे. नीलला एक दिवस वारं सुटलं आणि आमची बोट रद्द झाली. आई जाम वैतागली, मलाही पुढची तिकिटं बुडायची भीती वाटली. ज्यांना दर तासाला 'आता पुढे काय?' लागतं त्यांनी नीलला जाऊन बाकीच्यांना बोअर करू नये.

एक गोष्ट मात्र खटकते. लॉजच्या बाथरूममध्ये पाणी जपून वापरा अशी पाटी होती. उन्हाळ्यात तिथे पाण्याची ओढाताण असते. मी हे लिहिलं आणि उद्या आमची अख्खी विंग तिथे जाऊन धडकली, तर शांत ते काय उरणार? म्हणून गेलात तर निदान एका रात्रीपेक्षा जास्त राहा, सायकल भाड्याने घ्या, वेफर्सची पाकिटं परत आणा.

बाबांनी जेटीवरच्या फळ्यावरून भरतीच्या वेळा एका कागदावर उतरवून घेतल्या होत्या. त्या तारखा गेल्या, कागदाचा आता उपयोग नाही. तो माझ्या एम-थ्रीच्या नोट्समध्ये आहे, फुरिएच्या पानावर. पेपर १४ तारखेला आहे. आईला अजून सांगायचंय.