तुमची प्रोफाइल ९२ टक्के पूर्ण आहे

गेली अकरा वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवतो. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात, तासिका तत्त्वावर. माझ्या नेमणुकीचा तत्त्वाशी संबंध येतो तो एवढाच. दर पावसाळ्यात नव्यानं जाहिरात, नव्यानं मुलाखत, समोर तेच तीन चेहरे, आणि मग परीक्षा लागेपर्यंत आठवड्याला नऊ तास. उरलेल्या वेळात मी अर्ज भरतो. हल्ली अर्ज म्हणायचं नाही, प्रोफाइल म्हणायचं. वेगवेगळ्या पोर्टलांवर माझ्या चौदा प्रोफाइल आहेत. चौदाही ठिकाणी माझ्या आईचं नाव आहे, दहावीचे गुण आहेत, जातीचा दाखला आहे, दोनशे केबीच्या आतला फोटो आहे आणि पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं केलेली सही आहे. मी लिहिलेला एक परिच्छेद मात्र एकाही ठिकाणी नाही. कुणी मागितलाच नाही.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला नोकरीवर घ्यायचं तर त्याला विचार करता येतो का, आणि तो विचार वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवता येतो का, एवढंच पाहायचं असतं. त्याला लागते एक दुपार. वीस पानं वाचायची आणि एक तास ऐकायचं. ही एक दुपार वाचवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेला आपण उमेदवारांचा डेटाबेस म्हणतो.

एका विद्यापीठाच्या पोर्टलवर मी प्रबंधाचं शीर्षक भरलं: ‘अमृतानुभवातील अज्ञानखंडन’. प्रबंध मराठीत, त्यामुळे शीर्षक मराठीत. पडद्यावर ठीक दिसलं. प्रिंट काढली तर शीर्षकाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं. अज्ञानाचं इतकं नेमकं वर्णन मला साडेतीनशे पानांत जमलं नव्हतं, हे मान्य करतो. पण हेल्पलाइनवरच्या मुलाला सौंदर्यदृष्टी नव्हती. तो म्हणाला, ‘सर, रोमनमध्ये टाका.’ टाकलं. ‘ज्ञ’चं मराठी वळणाचं स्पेलिंग आपण लिहितो तसं लिहिलं. पुढं मुलाखतीत एका सन्माननीय सदस्यांनी छापील कागदावरून चष्मा वर करून विचारलं, ‘हे अदन्यान कोण? पाश्चात्त्य का?’

आता गुणांकडे येऊ, कारण डेटाबेसचा सगळा थाट गुणांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी शंभर गुणांचा तक्ता आहे. विद्यापीठातल्या पदासाठी पीएच.डी.ला ३०. एम.ए.ला साठ ते ऐंशी टक्के असतील तर २३, बी.ए.ला तेवढेच असतील तर १३. नेटला ५, जेआरएफसह ७, आणि आमच्या सेटला ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, तेही १० पर्यंतच. तक्ता पुन्हा वाचा. त्यात पुस्तक नाही. नियतकालिकातल्या आठ पानांना दोन गुण आणि तीनशे पानांच्या पुस्तकाला, या तक्त्यात, भोपळा. अनुवादालाही भोपळा.

मराठीत तत्त्वज्ञान जगलं ते कशावर? मे. पुं. रेग्यांनी वर्षानुवर्षं ‘नवभारत’ संपादित केला. दे. द. वाडेकरांनी १९७४ साली तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ उभा केला. कोशातली नोंद कुठल्या रकान्यात भरायची ते मला पोर्टलवाल्यांनी दाखवावं. सॉक्रेटिसचा एकही पेपर नव्हता हा विनोद आता शिळा झाला. मी मेलेल्यांबद्दल बोलत नाही. आज पस्तिशीतली एखादी मुलगी कांटचं मराठी भाषांतर करायला बसली असेल, तर तिचा कुणीतरी हितचिंतक तिला सांगत असेल, ‘बाई, आधी दोन पेपर टाक.’ आणि तो खरोखरच तिच्या हिताचं बोलत असेल.

पेपर टाकायचे तर कुठं? आयोगानंच मान्य नियतकालिकांची ‘केअर’ नावाची यादी काढली. त्या यादीत बसावं म्हणून आम्ही निबंध इंग्रजीत नेले, पैसे घेऊन छापणाऱ्यांपासून पळालो, दीड-दीड वर्षं थांबलो. २०२५ मध्ये आयोगानं यादीच गुंडाळली.

माझी बेरीज सांगतो. तेरा, तेवीस, तीस, सेटचे तीन, दोन निबंधांचे चार. त्र्याहत्तर. आणि अकरा वर्षांचा अनुभव? इथं खरी गंमत आहे. पोर्टलवर ‘नेमणुकीचे स्वरूप’ म्हणून ड्रॉपडाउन होता: नियमित, तात्पुरती, कंत्राटी, इतर. तासिका नव्हतीच. ‘इतर’ निवडलं. पुढचा रकाना ‘एकूण मासिक वेतन’. माझं वेतन मासिक नसतं, जेव्हा येतं तेव्हा येतं. तरी भागाकार करून आकडा टाकला. ओळ लाल झाली.

त्यामागचं कलम मी शोधून वाचलं. आधीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरायची असेल तर इतर अटींबरोबर एक अट अशी, की तिथलं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी नसावं. नियमित प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये. म्हणजे आधी मला अर्ध्याहून कमी पैशात राबवायचं, आणि मग कमी पैशात राबलास म्हणून ते राबणं मोजायचं नाही. मला कमी पैसे देण्याचं मी तरी ठरवलं नव्हतं. चोराला सोडून ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच दंड, असा हा न्याय. अकरा वर्षांत अनुमानाची पाच अंगं समजावताना माझा घसा बसला, तो शून्य गुणांना. त्या ठिकाणी मुलाखतीची मर्यादा ७८ ला थांबली होती. अनुभवाचे दहा मिळते तर मी ८३ वर असतो.

आणि समजा मिळाले असते. त्याच नियमावलीत टीप आहे: हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर. म्हणजे शंभर गुणांचा हा सगळा संसार दारापर्यंत. उंबरा ओलांडला की पाटी कोरी.

‘पण पूर्वी काय कमी वशिले होते?’ असं विचारणारे आहेत, आणि त्यांचं मी ऐकून घेतो. पूर्वीचे दिवस मी पाहिलेत. सात प्रती, स्पायरल बाइंडिंग, झेरॉक्सवाल्याकडे उधारी, रजिस्टर पोस्ट, शिवाय गठ्ठा उघडला गेला की नाही याचा पत्ता नाही. ऑनलाइन अर्जाशी माझं वैर नाही. २०२३ च्या मे महिन्यात आयोगानं केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयू-चयन’ हे एकत्रित पोर्टल सुरू केलं, तेव्हा एकदाच माहिती भरून मोकळं होण्याच्या कल्पनेला मी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. निदान जाहिराती एका जागी दिसतात. पण जाहिरात शोधायची सोय वेगळी आणि माणूस पारखायची वेगळी. पहिलीच्या जोरावर दुसरी झाल्याचं सोंग आणलं जातं, त्यावर माझा राग आहे. वशिला आकड्यांनी थांबत नाही. तो आकडे पूर्ण होईपर्यंत बाहेर चहा घेत बसतो.

अमेरिकेतही तत्त्वज्ञांचे हाल कुत्रं खात नाही. तिथं ‘फिलजॉब्ज’वर जाहिराती लागतात, आणि एकेका जागेवर अर्जांचा पाऊस पडतो. माझा एक वर्गमित्र तिथं तीन हिवाळे अर्ज करत होता आणि शेवटी विमा कंपनीत गेला. तेव्हा तिथलं गुणगान मी गाणार नाही. पण त्याच्याकडे बहुतेक विभागांनी एक गोष्ट मागितली होती: लेखनाचा नमुना. वीस-पंचवीस पानं. नाकारलं तरी निदान वाचायला मागून नाकारलं. इथं आमच्या पोर्टलनं माझ्याकडे पेटंट मागितलं. खोटं नाही, ‘पेटंट’ नावाचा स्वतंत्र टॅब आहे. अद्वैताचं पेटंट आद्य शंकराचार्यांनी वेळेवर काढलं नाही, नाहीतर आज शृंगेरीला रॉयल्टी गेली असती.

अमळनेरला १९१६ साली प्रताप शेठ नावाच्या गिरणीमालकानं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. खानदेशात. कापडाच्या पैशातून तिथं अभ्यासक राहत, वेदान्त वाचत, एकमेकांशी भांडत. पुढं कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस बंगालमधून येऊन तिथं प्रमुख झाला. विचार करणाऱ्याला जागा, वेळ आणि जेवण लागतं, हे सुताचे ताणेबाणे मोजणाऱ्या शेठजींना कळलं होतं.

एकदा एका संस्थेत माझी मुलाखत होती. शंभर टक्के अनुदानित पद, बिंदुनामावली तपासून झालेली, नाहरकत आलेली. व्हरांड्यात बसलो होतो. एक गृहस्थ शेजारी येऊन बसले, पाणी विचारलं, गाव विचारलं, आणि हळूच म्हणाले, ‘सर, तुमची तयारी किती आहे?’

मी म्हणालो, ‘कांट आणि हेगेल झालेत. रसेल काल रात्री पुन्हा चाळला.’

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग उठून पुढच्या उमेदवाराशेजारी जाऊन बसले. त्या दोघांचं बोलणं थोडक्यात आटोपलं. आत मला चार मिनिटं मिळाली.

काल रात्री पंधरावी प्रोफाइल भरत होतो. ‘९२ टक्के पूर्ण’ पाशी गाडी अडली. कुठं अडली ते पाहिलं, तर पेटंटच्या टॅबमध्ये क्रमांक हवा होता. ‘लागू नाही’ लिहिलं. पोर्टल म्हणालं, फक्त अंक टाका. शून्य टाकलं. हिरवी बरोबरची खूण आली, प्रोफाइल शंभर टक्के झाली, फी कापली गेली. प्रिंट काढली. प्रबंधाच्या जागी प्रश्नचिन्हंच होती. या वेळी मी हेल्पलाइनला फोन केला नाही.