सुटका झाली, मताचे काय?

शिक्षा भोगून झाली की गुन्ह्याचे देणे फिटले, असे आपला कायदा मानतो. निवडणुकीतील लाचलुचपत किंवा तोतयेगिरी यांसारखे काही ठराविक गुन्हे वगळले, तर तुरुंगाबाहेर पाऊल पडताच माणसाचा मताचा हक्क त्याच्याकडे परत येतो. त्यासाठी अर्ज नको की कोणाची मेहेरबानी नको. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एवढ्यासाठी २०१८ साली मतदारांचा कौल घ्यावा लागला. आपल्यावर तशी पाळी आली नाही, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कायद्याने परत दिलेला हा हक्क मतदार यादीत गहाळ होऊ शकतो, याकडे आपले लक्ष नाही.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम तुरुंगात असलेल्या प्रत्येकास मतदानापासून दूर ठेवते. अपवाद फक्त स्थानबद्धांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे बंधन उचलून धरले. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख व नवाब मलिक या आमदारांना विधान परिषदेसाठी मतदान करता आले नाही, तेही याच कलमामुळे. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे चारांपैकी तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. दोषी ठरूनही जामिनावर सुटलेला मनुष्य मत देतो आणि जामिनाची रक्कम नाही म्हणून खितपत पडलेला गरीब मात्र देऊ शकत नाही, ही विसंगती उघड आहे.

मत देण्यास मनाई झाली, तरी यादीतील नाव मात्र जात नाही. २०१३ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट केले आहे. घरापासून तात्पुरता दूर राहिल्याने कोणी तेथील रहिवासी राहत नाही असे होत नाही, हेही कायद्यातच आहे.

आता व्यवहार पाहू. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातील एखादा मजूर वर्ष-दोन वर्षे तुरुंगात आहे, असे समजा. यादीची पडताळणी करणारा दारात येतो. घरचे लाजेपोटी एवढेच सांगतात, ‘तो इथे नसतो.’ कागदावर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. नाव कमी करण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे कायदा सांगतो. पण नोटीस जाते ती ज्या घरी तो नाही त्याच घरी! सुटून आल्यावर, कदाचित निर्दोष ठरून आल्यावर, मतदानाच्या दिवशी त्याला कळते की आपले नावच नाही. उमेदवारी अर्जांची मुदत टळल्यावर त्या निवडणुकीपुरते नाव घालता येत नाही. पुढाऱ्याचे नाव राखायला कार्यकर्ते असतात. या मजुराचे कोण राखणार?

‘गुन्हेगारांची एवढी काळजी कशाला?’ असा आक्षेप येईल. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यास सुटकेनंतर सहा वर्षे उमेदवारी करता येत नाही. संसदेने हे बंधन उमेदवारावर घातले, मतदारावर घातले नाही. जी शिक्षा कायद्याने दिली नाही, ती एका शेऱ्याने देण्याचा अधिकार कोणास आहे?

उपाय खर्चिक नाहीत. सुटकेच्या कागदांबरोबरच कारागृहाने प्रत्येकास नाव नोंदणीचा ६ क्रमांकाचा अर्ज द्यावा व यादीत नाव पाहण्यास सांगावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तो भरून घेण्यास मदत करावी. घरातील माणूस तुरुंगात असल्याचे कळल्यास त्याला ‘स्थलांतरित’ ठरवू नये, अशी स्पष्ट सूचना जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी काढावी.

आणि हे काम अखेर करतो कोण? केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून वाड्या-वस्त्यांवर हिंडणारा शिक्षक आणि तहसिलात यादी सांभाळणारा कारकून. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्यात तर ही माणसे गावकऱ्यांना नावानिशी ओळखतात. ‘तो इथे नसतो’ या उत्तरावर ‘मग आहे कुठे?’ एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला, तरी एका नागरिकाचे मत वाचेल.