देवळालीची संख्या

गणिताच्या जागतिक वाङ्मयात नाशिकजवळच्या देवळालीचे नाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या तयार होऊ शकत नाही, तिला 'देवळाली संख्या' म्हणतात. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ येतात. २० पर्यंत मात्र या वाटेने पोहोचताच येत नाही. या संख्यांचा शोध लावला तेथील एका शाळामास्तरांनी, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील खुर्ची नाही. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते मुलांना शिकवत राहिले आणि पदरमोड करून गणिताच्या पुस्तिका छापत राहिले.

त्यांचे स्वतःचे नाव चिकटले ते ६१७४ या संख्येला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ पासून निघालो, तर ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. फार तर सात पायऱ्या. पुढे ६१७४ हलत नाही. हा शोध १९४९ चा. परंतु 'कापरेकर स्थिरांक' सर्वदूर पोहोचला तो मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यानंतर. तोवर आपल्याकडील बहुतेक विद्वज्जनांनी या गुरुजींची गणना छांदिष्टांतच केली होती. हा दोष पाश्चात्त्यांच्या माथी कसा मारणार?

संगमग्रामच्या माधवांची कथा याहून बोचरी आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे केरळीय गणिती. एकातून एक तृतीयांश वजा, एक पंचमांश अधिक, अशा अनंत श्रेणीने 'पाय'ची किंमत काढण्याची रीत परंपरेने त्यांची मानली जाते, आणि तिची उपपत्ती सोळाव्या शतकातील ज्येष्ठदेवांच्या 'युक्तिभाषा' या मल्याळम ग्रंथात आहे. तीच श्रेणी युरोपात सतराव्या शतकात सापडली आणि लाइब्निट्झच्या नावाने रूढ झाली. लाइब्निट्झने चोरी केली, असे म्हणण्यास पुरावा नाही. त्याने ती स्वतंत्रपणे शोधली. या केरळी ग्रंथांकडे लक्ष वेधणारा लेख १८३०च्या दशकात चार्ल्स व्हिश या कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्याने प्रसिद्ध केला. त्यानंतर शतकभर आपणही स्वस्थ होतो! १९४० च्या दशकापासून सी. टी. राजगोपाल प्रभृतींनी त्या पोथ्या वाचल्या, त्यांतील सिद्धता आधुनिक परिभाषेत मांडल्या. आज अनेक पुस्तकांत 'माधव-लाइब्निट्झ श्रेणी' असे नाव छापले जाते, ते या कामामुळे.

'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना टाळ्या मिळतात. आमच्या परिवारातील सभाही त्याला अपवाद नाहीत, हे आम्ही संकोच न बाळगता नमूद करतो. माधवांना त्यांचे नाव परत मिळाले ते टाळ्यांनी नव्हे. संस्कृत, मल्याळम आणि गणित ही तिन्ही जाणणारी माणसे पोथीपुढे बसली, म्हणून मिळाले. अशी माणसे घडवायची तर गणितात गती असलेल्या मुलाला संस्कृत घेऊ द्यावे लागेल. आपल्यापैकी किती घरे त्याला होकार देतील?